कापूस, कापूर आणि काळा शर्ट

आबांचा फोटो छापलेले आठ टी-शर्ट करून घ्यायचे, असा ठराव आमच्या घरात एकमताने संमत झाला. घरातला ठराव एकमताने संमत झाला की तो अमलात आणण्याचे काम त्या क्षणी गैरहजर असलेल्या सदस्याकडे जाते. मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा आठ शर्ट, एक फोटो आणि पंधरा दिवसांची मुदत एवढा ऐवज माझ्या नावावर जमा झालेला होता.

कामाचा उरक दाखवण्याच्या भरात मी त्याच संध्याकाळी शर्ट विकत आणले. काळेभोर, शंभर टक्के सुती आणि अंगाला मऊ लागणारे आठ शर्ट टेबलावर रचून मी घरच्यांची वाहवा मिळवली, आणि मग निवांतपणे छपाईच्या पद्धती अभ्यासायला बसलो. तेव्हा असे लक्षात आले की या शास्त्रातला पहिला प्रश्न ‘फोटो कोणता’ हा नसून ‘कापड कोणते आणि रंग कोणता’ हा आहे, आणि त्या प्रश्नाचे शक्य तितके अवघड उत्तर मी आधीच पिशवीत भरून आणले आहे.

सगळ्यात मोह पडला तो सब्लिमेशनचा. शाळेत कापराचे उदाहरण देऊन शिकवलेले संप्लवन तेच हे. विशेष शाईने फोटो कागदावर उलटा छापायचा, तो कापडावर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे शाई मध्ये द्रवरूप होण्याची तसदी न घेता थेट वायुरूप होते, पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते आणि निवल्यावर तिथेच मुक्काम ठोकते. फोटो कापडावर चिकटलेला नसतोच, तो कापडाचाच झालेला असतो. त्यामुळे तो हाताला लागत नाही, त्याला भेगा पडत नाहीत आणि धुण्याने तो सहसा फिका होत नाही. हे वाचून मी भारावलो. पुढच्याच परिच्छेदात दोन अटी होत्या. कापूस या शाईला धाग्यात घरच करू देत नाही, म्हणून कापड पॉलिएस्टरचे हवे. शिवाय या शाईत पांढरा रंग नसतो, पांढरेपणा कापडाने पुरवायचा असतो, म्हणून कापड पांढरे किंवा फिके हवे. माझ्या काळ्या सुती शर्टांवर आबांचा फोटो छापला असता तर तो आधी दिसला नसता आणि नंतर धुऊन गेला असता.

व्हायनिलचा विचार मी फार वेळ केला नाही. प्लॅस्टिकच्या रंगीत, पातळ शीटमधून आकार कापून, नको असलेले तुकडे चिमट्याने उपटून, उरलेला भाग गरम दाबाने चिकटवण्याची ती पद्धत खेळाडूंच्या पाठीवरील क्रमांकांसाठी उत्तम आहे. पण आबांच्या भुवया केस-केस करून कोण कापणार?

मग घरच्या इस्त्रीने चिकटवायचा ट्रान्सफर पेपर आणला. त्यात फिक्या कापडाचा आणि गडद कापडाचा असे दोन प्रकार असतात, आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावले की सर्वनाश होतो. फिक्या कापडाच्या कागदावरचा थर पारदर्शक असतो, तो पालथा चिकटवतात, म्हणून फोटो आरशातल्यासारखा उलटा छापावा लागतो. गडद कापडाच्या कागदाला पांढरा अपारदर्शक थर असतो. पाठचा कागद आधी सोलून तो उताणा ठेवायचा असतो, म्हणून फोटो सुलटाच छापायचा. ही माहिती मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी नव्हती.

सराव म्हणून आधी एका जुन्या पांढऱ्या बनियनवर फिका कागद वापरला. इस्त्रीच्या टेबलाची गादी मऊ असते, ती सगळा दाब गिळते, म्हणून इस्त्री कडक फळीवर करावी, वाफ बंद ठेवावी, हे सगळे मी पाळले. पण इस्त्रीच्या तळाला वाफेची भोके असतात, आणि त्या भोकांखाली उष्णताही पोचत नाही आणि दाबही. इस्त्री एका जागी स्थिर धरण्याचा परिणाम असा झाला की आबांच्या उजव्या गालावर देवीचे व्रण उमटले, तेही अगदी ओळीने.

‘फोटो उलटा छापायचा असतो’ एवढे ज्ञान या सरावातून पक्के झाले आणि तेच मी दुसऱ्या दिवशी काळ्या शर्टासाठी गडद कागदावर वापरले. आबांचा भांग डावीकडून उजवीकडे गेला, खिशातले पेन उजव्या छातीवर आले. शिवाय फोटो आमच्या नातेवाइकांच्या फोनवरून सात वेळा फिरून आलेला. त्याची रुंदी ७२० ठिपके. दहा इंच रुंद छपाई नीट यायची तर इंचाला ३०० या हिशेबाने तीन हजार ठिपके लागतात, आमच्या वाट्याला इंचाला ७२ आले. वर तो पांढरा थर इतका ताठ की शर्ट घडी घालायला नकार देत होता. “काहीतरी चुकलंय, पण काय ते कळत नाही,” असे सौभाग्यवती बराच वेळ मान तिरकी करून म्हणाल्या. मी तो शर्ट कपाटाच्या तळाशी आडवा सरकवला.

शेवटी मूळ फोटो मिळवला, उरलेले सात शर्ट उचलले आणि छपाईवाल्याकडे गेलो. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, शर्ट घ्यायच्या आधी यायचं होतं. आता डीटीएफच करावं लागेल.” या पद्धतीत फोटो एका फिल्मवर छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात, ओल्या शाईवर गोंदाची बारीक पूड भुरभुरून ती वितळवतात, आणि मग ती फिल्म शर्टावर साधारण १५० ते १६० अंशाला पंधराएक सेकंद दाबतात. काळे चालते, सुती चालते. एवढ्या मोठ्या चौकोनातून वारा खेळत नाही, ही तक्रार राहते; पण निवडीचा अधिकार मी दुकानात पैसे देऊन आधीच गमावला होता.

ओल जावी म्हणून त्यांनी प्रत्येक शर्ट आधी पाच सेकंद कोराच दाबून घेतला, मग फिल्म ठेवून हीट प्रेसचा दांडा खाली ओढला. ती फिल्म पूर्ण निवल्यावरच सोलायची होती. तसे त्यांनी दोनदा बजावले आणि पुढचा शर्ट घ्यायला वळले. तेवढ्यात माझ्या भाच्याने “मामा, निवलीच आहे” म्हणत एक कोपरा ओढला. गोंद अजून ऊनच होता. आबांचा डावा कान फिल्मबरोबर निघून आला आणि भाच्याच्या हातात हलू लागला. छपाईवाले काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त पुढच्या सहा शर्टांच्या वेळी त्याला दाराबाहेर उभे केले.

ठरल्या दिवशी सहा निर्दोष शर्ट आणि एक एककानी शर्ट मी आबांपुढे मांडले. आठवा कुठे, असे त्यांनी विचारलेच, तेव्हा कपाटातला तो ताठ शर्ट नाइलाजाने बाहेर काढावा लागला. आबांनी चष्मा लावून आठही शर्ट न्याहाळले आणि त्या आठव्यावर बोट ठेवले. “हा घेतो. यावर मी आहे. बाकीच्यांवर माझ्यासारखा दिसणारा दुसराच कोणीतरी आहे.”

वयात आल्यापासून रोज दाढी करताना आरशात पाहिलेला चेहराच त्यांनी ओळखला होता. मी गप्प बसलो. आबांनी तो शर्ट तिथल्या तिथे चढवला आणि ते खुर्चीत टेकले. छातीवरची पाटी त्यांच्याबरोबर वाकायला तयार नव्हती. ती सरळ वर सरकली आणि उलट्या आबांच्या कपाळावर सुलट्या आबांची हनुवटी टेकली.