मणक्याच्या ऑपरेशनबद्दल फिरणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या निम्म्या ग्रुपवर सध्या तोच मेसेज फिरतोय. म्हणे मणक्याचं ऑपरेशन केलं की पाय कायमचे जातात, अमेरिकेच्या संशोधनात ऑपरेशनचा फायदा नाही हे सिद्ध झालंय, दोन मणक्यांमधली सरकलेली गादी मालिशवाल्याकडून बसवून घ्या, करायचंच तर दुर्बिणीतूनच करा, आणि कितीही त्रास झाला तरी 3 महिने थांबा. आपल्या पूर्व भागात मागावर उभं राहून नाहीतर विड्या वळून कंबर धरलेली माणसं घरोघरी आहेत, ती हे वाचून घाबरतात, म्हणून लिहितोय.

आधी पाय जाण्याचं. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि गादी बहुतेक वेळा सरकते ती त्याच्या बरीच खाली, शेवटच्या दोन गाद्यांपैकी एक, तिथं फक्त नसा असतात. त्यामुळं कमरेच्या गादीच्या ऑपरेशननं दोन्ही पाय लुळे पडणं फार क्वचित घडतं. धोके आहेतच, नसांवरचं आवरण फाटू शकतं, इन्फेक्शन होतं, नसेला इजा होऊ शकते, काहींची गादी परत सरकते, हे सगळं डॉक्टरांना तोंडावर विचारा. पण आमच्या मामांचं सांगतो, यंत्रमागावर आयुष्य गेलं, चालताना डाव्या पायातली चप्पल निसटून मागं राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा, पंजा वर उचलतच नव्हता. हे ऑपरेशनच्या आधीचं. नंतर पायाची कळ थांबली, पण ताकद पूर्ण आली नाही, तर गल्लीत बोभाटा झाला की ऑपरेशननं पाय घालवला! नस आधीच किती दबली होती हे कुणी विचारतच नाही.

आता ते अमेरिकेचं संशोधन. 'स्पोर्ट' नावाचा मोठा अभ्यास आहे, गादी सरकलेल्यांचे निकाल 2006 साली आले, चिठ्ठी टाकल्यासारखे 501 पेशंट दोन गटांत वाटले होते, एका गटाला ऑपरेशन, दुसऱ्याला बिनऑपरेशनचे उपचार. दोन्ही गटांत फरक थोडाच दिसला हे खरं, पण का दिसला ते मेसेजवाला सांगत नाही. ऑपरेशनच्या गटातल्या फक्त 60 टक्के लोकांनी 2 वर्षांत ऑपरेशन करून घेतलं, आणि बिनऑपरेशनच्या गटातल्या 45 टक्के लोकांनी ते करून घेतलं, म्हणजे गटच मिसळून गेले, मग फरक दिसणार कसा? नेदरलँड्सचा 2007 चा अभ्यास जास्त स्पष्ट आहे. 6 ते 12 आठवडे पायात जबरदस्त कळ असलेले 283 पेशंट, लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांतले 95 टक्के लोक बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना मात्र शेवटी ऑपरेशन लागलंच. म्हणजे घाई नाही आणि भीतीही नाही, कळ सहन होते का आणि कामाला किती लवकर जायचंय यावर ठरवायचं. आणि हे सगळं पायात उतरणाऱ्या कळेबद्दल आहे हां, नुसती कंबर दुखते म्हणून गादी काढायला जाऊ नका.

मालिशनं गादी बसत नाही. बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, श्रेय मात्र मालिशवाल्याला मिळतं. पायात ताकद कमी असताना पाठीवर पाय देऊन दाबून घेणं तर सरळ धोका आहे.

दुर्बिणीचं म्हणाल तर चांगलं तंत्र आहे, 2022 च्या डच अभ्यासात 613 पेशंटमध्ये ते नेहमीच्या मायक्रो, म्हणजे भिंगातून बघून केलेल्या, ऑपरेशनपेक्षा कमी ठरलं नाही. पण नळीतून केलेलं ऑपरेशन 2009 मध्ये 328 पेशंटवर तपासलं तेव्हा छोट्या चिऱ्याचा वेगळा फायदा दिसला नाही. चिरा किती यापेक्षा कुणाचं ऑपरेशन करायचं ही निवड मोठी.

सगळ्यात घातक ते 3 महिने थांबायचं वाक्य. लघवी अडली, किंवा न कळत व्हायला लागली, बसायच्या जागी बधिर वाटतंय, दोन्ही पायांतली ताकद उतरत चाललीय, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री 2 वाजता का असेना रिक्षा करा आणि सिव्हिलला किंवा जिथं एमआरआय आणि मणक्याचा सर्जन आहे तिथं पोचा. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य लघवीचंच सांगा, लाजू नका, बायकांनी तर अजिबात नाही. अशा वेळी ऑपरेशन तासांत व्हावं लागतं, नाहीतर लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही.