तिने चित्रकला सोडली नव्हती
फेलिशिया ब्राउनने ‘कला सोडून बंदूक उचलली’ हे तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. लंडनच्या स्लेड या कलाशाळेत शिकलेली ही चित्रकार १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या सशस्त्र दलात, भरती झाली, तरी तिथेही रेखाटनं करतच होती. ऑगस्टमध्ये जखमी साथीदाराला वाचवायला गेली आणि मारली गेली. पुढे तीच रेखाटनं विकून स्पेनसाठी मदतनिधी उभा केला गेला. एवढी मोठी गोष्ट लेखात यायलाच हवी होती!

ठाण्यात वागळे इस्टेटच्या कामगारांसाठी आम्ही रात्र रात्र जागून कापडी फलक रंगवायचो. नखांत लाल रंग तसाच, आणि सकाळी मोर्चात त्याच फलकाची काठी धरायची. चित्र वेगळं नि लढा वेगळा, असं आमच्यापैकी कुणालाच वाटायचं नाही. ते वाक्य कृपया बदला.