सगळ्यांनाच मंगळ

बेळगावच्या शहापुरातल्या अण्णांच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती. ती चालते कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं तिला कुणी हातही लावत नव्हतं. बनवणारा मुलगा नोकरी लागून बेंगळूरला गेला. जाताना वहीच्या पुठ्ठ्यावर पासवर्ड लिहून गेला, मागं एवढाच दस्तऐवज. अशात होस्टिंगवाल्यांचा, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर वेबसाइट ठेवली होती त्यांचा, मेल आला की जुनं पीएचपी ५.६ आम्ही काढून टाकतोय, आठवर या. पीएचपी म्हणजे वेबसाइट ज्या भाषेत लिहिली होती ती. ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ लाच बंद झाली होती, म्हणजे त्यांनीही तशी बरीच कळ काढली होती.

गल्लीत कॉम्प्युटर येणारा माणूस म्हणून मला बोलावणं आलं. आमच्याकडं प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि सर्व्हर पडला तरी मीच.

अण्णांची पहिली शंका वेगळीच होती. "पाच झालं, सात झालं, आठ झालं. मधलं सहा कुठं गेलं रे?"

सहा आलंच नाही. त्यात यूनिकोड मुळातूनच घालायचं ठरलं होतं, म्हणजे देवनागरीची सोय आतूनच झाली असती. काम रखडलं, २०१० मध्ये गुंडाळलं आणि २०१५ च्या डिसेंबरात थेट सात आलं.

"म्हणजे मराठीचं तेवढं राहिलं म्हण की," अण्णा म्हणाले. बेळगावात या वाक्यावर काही बोलता येत नाही.

आवृत्ती बदलायची म्हणजे पॅनेलवरच्या यादीत ५.६ च्या जागी आठ निवडायचं आणि बटण दाबायचं. दाबलं. वेबसाइट उघडली तर पान कोरं. एरर नाही, अक्षर नाही, काही नाही. एरर पडद्यावर दाखवायच्या नाहीत अशी सर्व्हरवर सोय असते, त्या गुपचूप लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, जाऊन पडतात. लॉगमध्ये एकच तक्रार खालपर्यंत होती: मायएसक्यूएल-कनेक्ट नावाचं, डेटाबेसशी जोडणी करणारं फंक्शन सापडत नाही. ही सगळी जुनी फंक्शनं जाणार असल्याची दवंडी २०१३ पासून पिटली जात होती आणि सातमध्ये ती गेलीसुद्धा. त्यांच्या जागी नवीन मायएसक्यूएलआय घ्यायचं तर प्रत्येक ठिकाणी क्रमही उलटा. पूर्वी आधी प्रश्न आणि मग जोडणी, आता आधी जोडणी आणि मग प्रश्न. हे हमालीचं काम, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

पान आलं, पण त्यावर मराठी नव्हतं. जिथं तिथं डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्याच्या बाजूला चार शिंगं फुटलेला एक गोल. मुलीचं नाव, गाव, शिक्षण, अपेक्षा, सगळीकडं तोच 'ए'. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या हल्लीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइटांचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच, तो हा 'ए'. डेटाबेसशी असलेली जुनी जोडणी मराठीला लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या लिपीतलं, समजून आत ठेवत होती आणि लॅटिन समजूनच बाहेर काढत होती. दोन चुकांची फिट्टंफाट होऊन वाचायला मराठी मिळत होतं. नव्या जोडणीला यूटीएफ-८ सांगितलं आणि ती जे आहे ते तसंच दाखवायला लागली.

खरं तर सगळा घोटाळा इथंच आहे. जुनं पीएचपी म्हणजे मुरलेला मध्यस्थ होता. मुलगा काही करत नसला तर 'स्वतःचं बघतो' म्हणायचा आणि पोहे पुढं सरकवायचा. आठ तसं नाही. ते चारचौघांत विचारतं.

एरर दिसाव्यात म्हणून मी त्या पडद्यावर चालू केल्या, तर नाव नोंदवायच्या पानावर वॉर्निंग यायला लागली: अनडिफाइन्ड अ‍ॅरे की 'राज्य', म्हणजे 'राज्य' नावाचं काही आलंच नाही. फॉर्मवर राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक अशी दोन गोल बटणं. त्यातलं एकही दाबलं नाही तर ब्राउझर त्या रकान्याबद्दल सर्व्हरला काहीच पाठवत नाही. आणि आमच्याकडं तो रकाना मुद्दाम रिकामा सोडणारी माणसं आहेत. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातलाय, निकाल लागल्यावर बटण दाबू, असा त्यांचा हिशेब. आधीच्या पीएचपीत ही नुसती नोटीस होती, आठमध्ये तिची बढती होऊन वॉर्निंग झाली. मी 'राज्य नसल्यास रिकामं समजावं' अशी ओळ घालून टाकली. कोर्टाच्या कामात पीएचपीनं पडू नये.

आता संपलं असं वाटतंय तोवर अण्णांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना. "अण्णा, आमच्या पोरीला मंगळ कधीपासून?" निपाणीहून तेच, चंदगडहून तेच. बघतो तर यादीतल्या झाडून सगळ्यांपुढं 'मंगळ आहे'. अख्खं मंडळ एका रात्रीत मंगळी!

पत्रिकेच्या रकान्यात तीन पर्याय होते: नाही, सौम्य, कडक. बेंगळूरच्या त्या पठ्ठ्यानं मात्र कोडमध्ये विचारलं होतं, मंगळ बरोबर शून्य आहे का? असेल तर 'मंगळ नाही' छाप. शब्द आणि आकडा समोरासमोर आले की जुनं पीएचपी शब्दाचाच आकडा करायचं, आणि ज्यात आकडा नाही अशा शब्दाचा आकडा होतो शून्य. 'नाही' शून्य, 'सौम्य' शून्य, 'कडक'ही शून्य. आठनं हा नियम उलटा केला. ते शून्याचाच शब्द करतं, आणि 'नाही' म्हणजे काही शून्य नव्हे. म्हणून आता सगळ्यांना मंगळ.

म्हणजे इतकी वर्षं या मंडळात कुणालाच मंगळ नव्हता. लग्नं जमली, झाली, बारशी झाली, पेढ्यांऐवजी कुंदा वाटला गेला. मी हे सांगितल्यावर अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "बाहेर बोलू नकोस," म्हणाले.

तुलना बदलून थेट 'नाही' या शब्दाशी लावली आणि ज्याचं त्याला मिळालं. फोन थांबले. एक मात्र आला, खानापूरकडच्या एका वडिलांचा. त्यांच्या मुलीपुढं अजून 'मंगळ आहे'च होतं, आणि रकान्यात 'कडक' त्यांनीच भरलेलं होतं.

"ते भरलेलं खरं हाय हो," ते म्हणाले, "पण आधी दिसत नव्हतं की. तुम्ही ते आठ घातलंय न्हवं, तेवढं काढून परत पाच घालून सोडा. सोमवारी गडहिंग्लजचे पाहुणे यायलेत. ते जाऊ देत, मग तुम्हाला काय घालायचं ते घाला."