‘ड्राय क्लच नको रे बाबा’: फिरत्या मेसेजला उत्तर

‘ड्राय क्लचची डीसीटी म्हणजे डोकेदुखी, वेट घ्या आणि निर्धास्त राहा,’ असा मेसेज पुन्हा फिरतोय. डीसीटी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स; क्लचप्लेटा कोरड्या असतील तर ड्राय, तेलात असतील तर वेट. त्यातला एकेक दावा तपासू.

‘ड्रायमध्ये तेलच नसतं.’ साफ चूक. कोरड्या असतात त्या फक्त क्लचप्लेटा. गिअर तेलातच फिरतात. फोक्सवॅगनच्या डीक्यू २०० या ७ गिअरच्या ड्राय डीसीटीमध्येही सुमारे १.७ लिटर गिअर ऑइल असतं.

‘क्लच कोरडा, म्हणून बिघाड.’ बदनामी झाली ती मुख्यतः याच डीक्यू २०० मुळे. २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, पण क्लच बदलायला नव्हे. सिंथेटिक गिअर ऑइलमुळे विजेचा बिघाड होत होता, म्हणून ते काढून मिनरल ऑइल भरायला! तेल नाही म्हणून ज्याला शिव्या घालतो, त्याची भानगड निघाली तेलाचीच. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्राय डीसीटीमध्ये मात्र क्लच खरोखर थरथरायचा, ते नाकारण्यात अर्थ नाही.

‘ट्रॅफिकमध्ये ड्राय तापतो, वेट तापत नाही.’ अर्धसत्य. क्लच घासला की दोन्हीकडे उष्णता होतेच. वेटमध्ये तेल ती कूलरपर्यंत वाहून नेतं, म्हणून तो जास्त वेळ तग धरतो, इतकंच. ब्रेकवरचा पाय अर्धवट उचलून गाडी इंच इंच सरकवत राहिलात तर क्लच धड धरलेला नसतो, धड सुटलेलाही नसतो. नुसता घासत राहतो. त्यापेक्षा पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एका दमात जा. आणि चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरून ठेवणं? ते कुठल्याच क्लचला मानवत नाही.

‘वेटला मेंटेनन्स नाही.’ उलट आहे! फोक्सवॅगनच्याच डीक्यू २५० या वेट डीसीटीमध्ये दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावा लागतो, कारण प्लेटांची झीज मिसळलेलं तेच तेल मेकॅट्रॉनिकच्या (गिअर आणि क्लच चालवणाऱ्या युनिटच्या) बारीक व्हॉल्व्हांमधूनही फिरतं.

‘वेट सगळ्याच बाबतीत सरस.’ इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, जास्त असेल तर हो: डीक्यू २०० ची मर्यादा २५० न्यूटन मीटर, डीक्यू २५० ची ३५०. पण तेलात फिरणाऱ्या प्लेटांना ओढ बसते, पंपालाही ताकद लागते. लहान इंजिनात ड्राय इंधन वाचवतो.

उरला मेसेजमधला दर सिग्नलला न्यूट्रल करण्याचा सल्ला. ब्रेक दाबून उभे असताना ड्राय डीसीटीचा क्लच सुटलेलाच असतो. हाताला व्यायाम हवा असेल तर करा बापडे.