‘दुखलं तरी बोललो नाही’ असं लिहिणाऱ्या साताऱ्याच्या ताईंना

ताई, नमस्कार. पाळी गेल्यावर नवरा-बायकोच्या जवळिकीत जो त्रास सुरू होतो, त्यावरचा माझा लेख वाचून तुम्हाला लाज वाटली. तुम्ही लिहिलंत, ‘पाळी गेली म्हणजे निसर्गच सांगतो, आता पुरे. आमच्या आयांनी कधी क्रीमं लावली नाहीत. दुखलं तरी बोललो नाही, संसार झालेच की.’ दोन दिवस हे माझ्या डोक्यातून गेलं नाही.

एक आधी मान्य करते. ‘साठीतही हे सुरू राहायलाच हवं’ असं एक वाक्य माझ्या लेखात होतं. ते चुकलंच. दोघांनाही मनापासून नको असेल तर नको, त्यात कुणाचं काही कमी होत नाही. ते वाक्य आज काढून टाकलं.

पण मला निसर्गानं ‘पुरे’ सांगितलं नव्हतं, ताई. मन होतं, अंग साथ देत नव्हतं. पाळी जाते तसं इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं हार्मोन कमी होतं, योनीची आतली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, जरा घासलं तरी सोलवटते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढलेली असली तर हे सगळं एकदमच येतं. अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत कमी होतात. हा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, उपचार नसला तर बहुधा वाढतच जातो.

मीही तुमच्यासारखीच गप्प बसले. रात्री ओटा दोनदा पुसायचे, भिजत घातलेली मटकी उगाच उपसून बघायचे, खोलीतला दिवा बंद झाला की मग आत जायचे. आमच्या ह्यांची हळदीची अडत. त्यांना वाटलं पैशावरून काहीतरी बिनसलंय. मग ‘मी फार घोरतो’ म्हणून त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. आठ महिने असे गेले. एका संध्याकाळी मार्केट यार्डातून आले, हातपाय धुऊन बसले. नखांत हळद तशीच होती. त्या नखांकडे बघतच म्हणाले, ‘मी नकोसा झालोय का तुला?’

मी म्हटलं, ‘अहो, दुखतं. सुरी फिरवल्यासारखं दुखतं.’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग ‘आणि मी इतके दिवस...’ एवढंच म्हणाले आणि उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले. पंचवीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच झालं.

पहिल्या डॉक्टरांनी ‘आता या वयात काय करायचंय?’ म्हणून वाटेला लावलं. त्या दिवशी घरी येऊन मी रडले. नंतर मिरजेच्या एका डॉक्टरबाईंनी नीट तपासलं आणि इस्ट्रोजेनचं आतून लावायचं क्रीम दिलं. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. जवळिकीच्या वेळी लावायला पाण्याच्या बेसचं जेल वेगळं. फरक जाणवायला दीड महिना गेला, आणि तोवर ह्यांनी कसलीच घाई केली नाही. या क्रीमचा डोस अगदी कमी असतो, रक्तात फारसं उतरत नाही. तरी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

आता आयांचं. माझ्या आईला शेवटची दहा वर्षं सारखी उन्हाळी लागायची. लघवीला जळजळ, की आम्ही तिला धण्याचं पाणी द्यायचो आणि ‘उष्णता’ म्हणायचो. पाळी गेल्यावर मूत्रमार्गाची त्वचाही अशीच पातळ होते आणि लघवीचे इन्फेक्शन वारंवार होऊ शकतात, हे मला माझ्या तपासणीच्या वेळी कळलं. आईला विचारायला ती उरली नव्हती. तिचा त्रास यातलाच असेल का, हे आता कधीच कळायचं नाही. तिनं क्रीम लावलं नाही हे खरं, पण तिला असं काही असतं हे सांगितलं कुणी होतं?

म्हणून तुमच्या प्रतिक्रियेतलं ‘दुखलं तरी’ माझ्या मनातून जात नाही. जवळीक नकोच असेल तरी जळजळ, खाज, सारखी लघवी यांवर उपाय आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन ‘लघवीला जळजळतं आणि खाली कोरडं वाटतं’ एवढं सांगितलंत तरी पुढचं त्या विचारतील. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा. सोबत कुणी नसेल तर मला कळवा, साताऱ्याला मी येईन.