दुःख विसरल्या? नाही पटलं

तुमच्या लेखात दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या वळिवडे कॅम्पाबद्दल आणि तिथल्या अनाथालयात मुलं सांभाळणाऱ्या पोलिश बाईंबद्दल छान लिहिलंय, पण "श्रद्धेच्या बळावर त्या दुःख विसरल्या" हे वाक्य काय पटलं नाही. १९४० ला रशियानं घरातनं उचलून सैबेरियाला टाकलेली माणसं, तिथनं इराणमार्गे १९४३ ला कोल्हापूरजवळ पोचलेली, वाटेत कुणाची आई गेली कुणाचं पोर, ते विसरतंय होय कोण? आमची आज्जी लहानपणी तिच्या आईबरोबर कॅम्पात भाजी विकायला जायची. ती सांगायची, एक बाई चर्चमधनं बाहेर आली की डोळे पुसायची आणि तशीच पोरांच्या वेण्या घालायला बसायची, एकामागनं एक, रांगच लागलेली असायची. आज्जीचे पण केस एकदा विंचरून दिलेले म्हणे, भाषा एकमेकींची शष्प कळत नव्हती. आता याला विसरणं म्हणायचं का सांगा.

आणि एक राहिलंच. लेखात सगळं श्रेय कोल्हापूर संस्थानाला आणि ब्रिटिशांना देऊन मोकळे झालात, जागा दिली हे मान्य, पण पाचेक हजार माणसांच्या त्या वस्तीतली शाळा, चर्च, अनाथालय हे रोजचं चालवत होती ती निर्वासित माणसंच, त्यातही जास्त बायका. त्यावर दोन ओळी तरी हव्या होत्या. १९४८ ला ते गेले आणि फाळणीत आलेले सिंधी तिथंच राहिले, आजचं गांधीनगर. आमचं कापड अजून तिथनंच येतं.