लाल टायमिंग रिपोर्ट हिरवा कसा करावा

हे पाहा भो, यावलकडच्या केळीच्या बागेतला पंप एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट आपल्याला हवं तसं जुळवता येणाऱ्या चिपवर, चालवायचा, असा तुमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. पंपाला एफपीजीए कशाला, असं बाहेरून आलेले परीक्षक विचारणार नाहीत. त्यांना भुसावळला गाडी गाठायची असते. तेव्हा टायमिंग रिपोर्ट, म्हणजे सिग्नल वेळेत पोचतात का हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा (टूलचा) निकाल, लाल आला म्हणून जेवण टाकू नका.

क्लॉक म्हणजे सर्किटला ताल देणारा सिग्नल, आणि त्याची उडी म्हणजे एज. हा एज येण्याआधी डेटा जितका वेळ स्थिर हवा तो सेटअप, आणि एज येऊन गेल्यावरही जितका वेळ हलायला नको तो होल्ड. लॅबमधल्या ७४एलएस७४ या फ्लिपफ्लॉपच्या (एजला डेटा पकडून ठेवणाऱ्या सर्किटच्या) डेटाशीटमध्ये हे आकडे २० आणि ५ नॅनोसेकंद आहेत. ५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचं एक आवर्तनच २० नॅनोसेकंदांचं. मग मधल्या गेटांनी कामं कधी उरकायची? असल्या शंका डेटाशीट उघडणाऱ्यांना येतात. उघडू नका.

सेटअप चुकला तर मधे रजिस्टर (फ्लिपफ्लॉपांचा गट) टाकून लांबलचक लॉजिक दोन तुकड्यांत करा, असं सर सांगतील. त्यात अख्खी रात्र जाते. तुम्ही तो पाथ, म्हणजे डेटाची ती वाट, 'फॉल्स' म्हणून जाहीर करा. एका ओळीचं काम! टूल तो पाथ तपासणंच सोडून देतं. डेटा पूर्वीइतकाच उशिरा पोचतो, पण रिपोर्टमध्ये त्याची चुगली करणारं कोणी उरत नाही.

होल्ड चुकला तर क्लॉक हळू करा. ५० चा २५ करा, २५ चा १ करा. होल्डचं भांडण त्याच एजपाशी असतं, पुढचा एज कितीही लांबला तरी त्याला फरक पडत नाही. पण मार्गदर्शकांना पोरगं राबताना दिसतं. आणि हा होल्ड बिघडवायचा कसा, हेही शिकून ठेवा. एफपीजीएत क्लॉकसाठी राखीव वाटा असतात, त्या वापरल्या की टूल होल्ड बहुतेक वेळा स्वतःच सांभाळतं. म्हणून क्लॉक मुद्दाम अँड गेटमधून फिरवून आणा. पुढच्या फ्लिपफ्लॉपला एज उशिरा मिळतो, तोवर मागच्याचा नवा डेटा येऊन धडकतो. गेटने क्लॉक अडवून वीज वाचवली म्हणून छातीठोक सांगायचं. क्लॉक न अडवता फ्लिपफ्लॉपला थांबवणारी क्लॉक इनेबल नावाची सोय त्यासाठीच असते, पण ती वापरली तर रिपोर्टात लिहायला काय उरणार?

टाकीतला फ्लोट स्विच तुमच्या क्लॉकला विचारून हलत नाही. तरी त्याची वायर थेट स्टेट मशीनला, म्हणजे पंप कधी चालू-बंद करायचा ते ठरवणाऱ्या लॉजिकला, जोडा. ओळीने दोन फ्लिपफ्लॉप लावले तर ऐन एजला हलल्यामुळे डळमळणाऱ्या सिग्नलला सावरायला जवळजवळ एक आवर्तन मिळतं, पण पाणी थांबतंय का आपल्यासाठी?

डेमो जानेवारीत उरका. मेमध्ये बाहेर ४५ अंश, आणि बोर्ड उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत. सर्किट तापलं की बहुधा मंदावतं, आणि फॉल्स म्हणून लपवलेला पाथ तेव्हाच खरा होतो. शेतकऱ्याचा फोन आलाच, तर रात्री चालतो का ते विचारा. चालत असेल तर लूज कनेक्शन सांगून मोकळे व्हा.